टेस्टमधलं रेकॉर्ड नेमकं कोणाला दिसत नाहीये? जँगो, पोस्टग्रेस आणि सेलरी वापरणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच लक्षात येईल. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आहे, जँगो (पायथनमधली वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांच्यावर. सभासदाने हप्ता भरला की पावतीचं रेकॉर्ड तयार होतं आणि मागे सेलरीचं (कामं रांगेत लावून पार्श्वभूमीत चालवणाऱ्या टूलचं) एक टास्क कर्जखात्याची शिल्लक कमी करतं. ब्राउझरमधून हाताने केलं की सगळं चोख. टेस्टमध्ये मात्र तीन तऱ्हा दिसतात. एका टेस्टमध्ये शिल्लक जुनीच राहते. दुसरीत पावती नुकतीच सेव्ह केलेली असूनही टास्ककडून ‘डझ नॉट एक्झिस्ट’ (असं रेकॉर्डच नाही) येतं. तिसरी एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की फेल. स्लीप (काही सेकंद नुसतं थांबणं) टाकून पाहिलं, काही फरक नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की पोस्टग्रेस रेकॉर्ड उशिरा लिहितो का.

नाही. एकाच सर्व्हरवर काम चाललं असेल आणि पोस्टग्रेसची नेहमीची ‘रीड कमिटेड’ (फक्त कमिट झालेलंच वाचणारी) पातळी असेल, तर कमिट झालेलं, म्हणजे कायमचं नोंदलेलं, रेकॉर्ड त्यानंतर सुरू होणाऱ्या प्रत्येक क्वेरीला दिसतं. ‘जरा थांबा, येईल’ असा प्रकार तिथे नाही. उलट स्लीपने काहीच बदललं नाही, हाच तुमच्या प्रश्नातला सगळ्यात उपयोगी धागा आहे. दोन कामांची शर्यत लागलेली असती तर थांबल्याने निदान अधूनमधून टेस्ट पास झाली असती. कितीही थांबलं तरी निकाल तोच येतो, म्हणजे ती नोंद बघणाऱ्यापर्यंत कधी पोहोचणारच नाहीये.

पुढचं बरंचसं उत्तर तुमच्या मांडणीवर अवलंबून आहे. टेस्टचा क्लास कुठला, सेलरीचा वर्कर (टास्क उचलून चालवणारी प्रोसेस) वेगळ्या टर्मिनलमध्ये चालू आहे की ‘ऑलवेज ईगर’ (टास्क रांगेत न टाकता जागच्या जागी चालवणं) लावलंय, टेस्टसाठीही पोस्टग्रेसच आहे की तिथे एसक्यूलाइट घेतलंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी असं धरून चालतो की टेस्टलाही पोस्टग्रेस आहे, बहुतेक टेस्ट जँगोच्या साध्या ‘टेस्टकेस’वर किंवा पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलच्या ‘जँगो डीबी’ मार्कवर आहेत, आणि जँगो ३.२ किंवा त्यानंतरचं आहे. मायएसक्यूएल असेल तर एक गोष्ट वेगळी. तिथे डेटाबेसची स्वतःची नेहमीची पातळी ‘रिपीटेबल रीड’ असते; जँगो २.० पासून स्वतः ‘रीड कमिटेड’ लावतो, पण सेटिंग्जमध्ये ते बदललेलं असेल तर ‘रिपीटेबल रीड’च चालते. मग ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) पहिलं वाचन झालं की चित्र गोठतं, आणि दुसऱ्या कनेक्शनने नंतर कमिट केलेलंसुद्धा साध्या सिलेक्टला दिसत नाही.

माझ्या कामात अशा तक्रारी आल्या की ‘रेकॉर्ड आहे की नाही’ हा प्रश्न मी बाजूलाच ठेवतो. विचारायचं ते ‘कोणाला दिसतंय’ हे. एकच पावती तीन ठिकाणी असू शकते: डेटाबेसमध्ये कमिट होऊन, एखाद्या उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट न होता, किंवा नुसती पायथनच्या ऑब्जेक्टमध्ये. हाताने चालवताना या तिन्हींत फरक जाणवत नाही, कारण प्रत्येक क्लिक म्हणजे नवी रिक्वेस्ट. ती संपते, कमिट होतं, पुढची रिक्वेस्ट सगळं नव्याने वाचते. टेस्टमध्ये तसं घडत नाही. जँगोचा ‘टेस्टकेस’ अख्ख्या क्लासभोवती एक आणि प्रत्येक टेस्टभोवती एक असे दोन ‘अटॉमिक’ (ट्रान्झॅक्शनचे) ब्लॉक घालतो आणि शेवटी रोलबॅक करतो, म्हणजे सगळं रद्द करतो. पतसंस्थेच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट सगळे व्यवहार कच्च्या वहीत लिहिते आणि संध्याकाळी ते पान फाडते. पक्क्या वहीत काहीच उतरत नाही. वही ज्याच्या हातात आहे त्यालाच नोंदी दिसतात.

म्हणून कोडला हात लावण्याआधी मोजमाप करा. टेस्टमध्ये, व्ह्यूमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) आणि टास्कमध्ये, तिन्ही ठिकाणी, कनेक्शनवरून साध्या एसक्यूएलने तीन गोष्टी विचारून छापा: ‘करंट डेटाबेस’, ‘पीजी बॅकएंड पीआयडी’ आणि ‘टीएक्सआयडी करंट’. ही पोस्टग्रेसचीच फंक्शनं आहेत, नावांत स्पेसच्या जागी अंडरस्कोर. पहिल्यातून कळतं की आपण सगळे एकाच डेटाबेसमध्ये आहोत का. दुसऱ्यातून कळतं की कनेक्शन एकच आहे का. तिसऱ्यातून ट्रान्झॅक्शन एकच आहे का ते कळतं. आत सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमधले परत येण्याचे टप्पे) कितीही असले तरी हा आकडा बाहेरच्या ट्रान्झॅक्शनचाच येतो. याच्या जोडीला जँगोच्या कनेक्शनवरचं ‘इन अटॉमिक ब्लॉक’ हेही छापा. एवढ्यावर निम्मे संशयित बाद होतात. डीबगर लावून पायरी पायरीने जाण्यापेक्षा मला हे जास्त आवडतं, कारण डीबगरमध्ये थांबल्याने वेळेचं गणित बदलतं आणि शर्यतीचा बग असेल तर तो लपून बसतो.

आता तुमची दुसरी तक्रार आधी घेतो, कारण ती धोक्याची असू शकते. टास्कमध्ये ‘डझ नॉट एक्झिस्ट’ येतंय आणि वर्कर वेगळ्या टर्मिनलमध्ये चालू आहे, असं असेल तर पहिल्याच ओळीत उत्तर मिळेल. टेस्ट चालू झाली की जँगो मूळ नावाच्या आधी ‘टेस्ट’ आणि अंडरस्कोर लावून नवा डेटाबेस बनवतो. हा बदल फक्त टेस्टच्या प्रोसेसला माहीत असतो. सकाळपासून चालू असलेल्या वर्करने सेटिंग्जमधून मूळ नाव वाचलेलं आहे, तो डेव्हलपमेंटच्या डेटाबेसमध्येच पावती शोधणार. सापडली नाही तर बरंच. पण तिथे त्याच आयडीची दुसरी पावती असली, तर टास्क ती उचलून भलत्याच खात्याची शिल्लक बदलेल आणि कुठेही एरर येणार नाही. काही दिवसांनी कोणीतरी विचारेल की माझ्या लॅपटॉपवरचा डेटा असा विचित्र का दिसतोय. तुमच्या डेव्हलपमेंटच्या डेटाबेसमध्ये असं काही झालंय का ते आजच बघून घ्या. आणि टेस्टच्या सेटिंग्जमध्ये ब्रोकरचा (टास्कची रांग सांभाळणाऱ्याचा) पत्ता वेगळा द्या, किंवा मेमरीतला ब्रोकर लावा, म्हणजे बाहेरच्या वर्करपर्यंत काम जाणारच नाही.

डेटाबेस एकच आला पण पीआयडी वेगळे आले, तर गोष्ट ट्रान्झॅक्शनची आहे. टेस्टने कच्च्या वहीत लिहिलंय, वर्करचं कनेक्शन वेगळं आहे, त्याला ते दिसणं शक्य नाही. पोस्टग्रेसमध्ये कमिट न झालेलं दुसऱ्याचं रेकॉर्ड वाचायची सोयच नाही. ‘रीड अनकमिटेड’ मागितलं तरी तो ‘रीड कमिटेड’च देतो. खरा वर्कर टेस्टमध्ये हवाच असेल तर ती टेस्ट ‘ट्रान्झॅक्शनटेस्टकेस’वर (खरोखर कमिट होऊ देणाऱ्या क्लासवर) न्यावी लागते, पायटेस्टमध्ये मार्कला ‘ट्रान्झॅक्शन’ ट्रू करून. वर्करही सेलरीच्या टेस्टिंग मॉड्यूलमधून त्याच प्रोसेसमध्ये वेगळ्या थ्रेडवर सुरू करावा, म्हणजे त्याला टेस्टच्या डेटाबेसचं नाव मिळतं. अशा टेस्ट हळू चालतात. माझ्या मते त्या मोजक्याच असाव्यात: काम रांगेत गेलं, वर्करने उचललं, निकाल लिहिला, एवढी वाट तपासण्यापुरत्या. बाकी शिल्लकीचं गणित टास्कचं फंक्शन थेट बोलावून तपासता येतं.

सेलेनियमने ब्राउझर चालवणाऱ्या टेस्टमध्येही मूळ कारण हेच असतं, फक्त तिथे सर्व्हर दुसऱ्या थ्रेडवर असतो. म्हणूनच जँगोचा लाइव्ह सर्व्हरवाला क्लास ‘ट्रान्झॅक्शनटेस्टकेस’वर उभा आहे. त्या टेस्टमध्ये मात्र शर्यत खरोखर असते. बटण दाबलं आणि पुढच्या ओळीला डेटाबेस वाचला, तर सर्व्हरने अजून लिहिलेलं नसू शकतं. तिथेही स्लीप नको. पानावर ‘पावती तयार झाली’ असं काहीतरी दिसेपर्यंत थांबा आणि मग वाचा.

आता पहिली तक्रार, शिल्लक जुनीच राहण्याची. इथे दोन वेगळी कारणं एकाच चेहऱ्याने येतात. त्यांना वेगळं करायचं तर अपेक्षा तपासण्याच्या आदल्या ओळीला खातं आयडीवरून नव्याने वाचा आणि नवी-जुनी दोन्ही मूल्यं छापा.

नव्याने वाचल्यावर शिल्लक बरोबर आली, तर तुमच्या हातातलं ऑब्जेक्ट शिळं आहे. सेटअपमध्ये बनवलेलं खातं म्हणजे पायथनच्या मेमरीतली एक प्रत. टास्कने स्वतःची वेगळी प्रत डेटाबेसमधून आणली, बदलली, सेव्ह केली. तुमच्या प्रतीला त्याचा पत्ता नाही. ‘रिफ्रेश फ्रॉम डीबी’ हा त्यावरचा नेहमीचा इलाज, पण तो पूर्ण नाही. ‘कॅश्ड प्रॉपर्टी’ने साठवलेलं मूल्य त्याने पुसलं जात नाही, ॲनोटेट करून (क्वेरीतच मोजून) आणलेली बेरीज पुन्हा केली जात नाही. तुमच्या मॉडेलवर ‘एकूण थकबाकी’सारखी कॅश्ड प्रॉपर्टी असेल तर रिफ्रेशनंतरही जुनाच आकडा दिसेल आणि तुम्ही पोस्टग्रेसला दोष देत बसाल. म्हणून टेस्टच्या शेवटी मी रिफ्रेशपेक्षा नवी क्वेरी पसंत करतो.

शिळ्या ऑब्जेक्टचा उलटा तोटाही असतो. टेस्टने मधेच त्या जुन्या प्रतीवर एखादं फील्ड बदलून ‘सेव्ह’ केलं, तर जँगो सगळी फील्डं परत लिहितो, जुन्या शिलकीसकट. टास्कने केलेला बदल पुसला जातो आणि दिसताना असं दिसतं की टास्क चाललंच नाही. हे टेस्टमध्ये दिसलं तर तसंच कोड प्रॉडक्शनमध्येही शोधा. दोन काउंटरवरून एकाच खात्यावर काम चालू असताना हेच घडतं. ‘अपडेट फील्ड्स’ देऊन सेव्ह करणं किंवा शिलकीसाठी ‘एफ’ एक्स्प्रेशन (हिशोब डेटाबेसकडूनच करून घेणारं) वापरणं हे त्यावरचे मार्ग. मात्र जँगो ५ पर्यंत ‘एफ’ एक्स्प्रेशन सेव्हनंतरही ऑब्जेक्टवर चिकटून राहतं. तेच ऑब्जेक्ट दुसऱ्यांदा सेव्ह केलं की हप्ता दोनदा वजा होतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. फॅक्टरीत (टेस्टसाठी रेकॉर्ड बनवणाऱ्या कोडमध्ये) रक्कम ‘५००.००’ अशी स्ट्रिंग म्हणून दिली असेल, तर सेव्ह झाल्यावरही त्या ऑब्जेक्टवर ती स्ट्रिंगच राहते. डेसिमल होते ती डेटाबेसमधून परत वाचल्यावर. तारखेचंही तसंच. टेस्टमध्ये ‘समान नाहीत’ असं येतं आणि छापलं तर दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा आधी टाइप छापा.

नव्याने वाचल्यावरही शिल्लक जुनीच असेल, आणि वरच्यासारखी जुन्या प्रतीने ती पुसलेली नसेल, तर टास्क चाललंच नाही. माझा अंदाज तुमच्या बाबतीत इथेच आहे. व्ह्यूमध्ये कोणीतरी शहाण्या माणसाने टास्क ‘ऑन कमिट’मध्ये गुंडाळलेलं असणार. ते बरोबरच आहे: ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच टास्क रांगेत जावं, नाहीतर वर्कर वेगाने उचलतो आणि त्याला पावती दिसत नाही. पण ‘टेस्टकेस’मधलं बाहेरचं ट्रान्झॅक्शन कधी कमिट होतच नाही. ‘ऑन कमिट’मध्ये दिलेलं फंक्शन वाट बघत राहतं आणि रोलबॅकबरोबर विरून जातं. एरर नाही, लॉग नाही, काही नाही. स्लीपने फरक का पडला नाही याचंही उत्तर हेच असावं.

यावर जँगो ३.२ पासून ‘टेस्टकेस’मध्ये ‘कॅप्चर ऑन कमिट कॉलबॅक्स’ नावाची सोय आहे. तिच्या विथ-ब्लॉकमध्ये विनंती पाठवा, ‘एक्झिक्यूट’ ट्रू करा, ब्लॉक संपताना साठलेली सगळी फंक्शनं चालवली जातात. पायटेस्ट-जँगोमध्ये यासाठी ‘जँगो कॅप्चर ऑन कमिट कॉलबॅक्स’ नावाची फिक्स्चर (टेस्टला आयती मिळणारी सोय) आहे. किती फंक्शनं जमली तेही मोजून तपासलेलं चांगलं. एका हप्त्याला दोन टास्क रांगेत जात असतील तर ते तिथेच पकडलं जातं.

याची दुसरी बाजू मला जास्त सतावते. टेस्ट पास व्हावी म्हणून लोक ‘ऑन कमिट’ काढून टाकतात आणि ‘ऑलवेज ईगर’ लावतात. मग टास्क त्याच प्रोसेसमध्ये, त्याच कनेक्शनवर, ताबडतोब चालतं; कच्ची वही त्याच्याच हातात असते, त्याला सगळं दिसतं. टेस्ट हिरवी. प्रॉडक्शनमध्ये मात्र वर्कर वेगळा, कनेक्शन वेगळं, आणि कमिटच्या आधी टास्क पोहोचलं की ‘डझ नॉट एक्झिस्ट’. तेही गर्दीच्या वेळीच, म्हणजे महिन्याच्या दहा तारखेला. तेव्हा टेस्ट दुरुस्त करा, ‘ऑन कमिट’ला हात लावू नका. सेलरी ५.४ पासून जँगोसाठी ‘डिले ऑन कमिट’ असं थेट मिळतं, नवीन कोडमध्ये तेच लिहा.

इथवरचं थोडक्यात: डेटाबेसचं नाव वेगळं तर वर्कर चुकीच्या घरात, पीआयडी वेगळा तर ट्रान्झॅक्शनची भिंत, दोन्ही एकच आणि नवी क्वेरी बरोबर तर शिळं ऑब्जेक्ट, दोन्ही एकच आणि नवी क्वेरीही जुनी तर टास्क चाललंच नाही.

तिसरी तक्रार वेगळ्या जातीची आहे. एकटी पास, सगळ्यांत फेल, म्हणजे आधीच्या कुठल्यातरी टेस्टने काहीतरी मागे ठेवलंय किंवा काहीतरी नेलंय. रोलबॅक डेटाबेसपुरता असतो. लोकल मेमरीतला कॅश, ‘एलआरयू कॅश’ लावलेलं फंक्शन, मॉड्यूलच्या पातळीवर ठेवलेलं ‘मुख्य शाखा’ असं ऑब्जेक्ट, हे रोलबॅकने परत जात नाही. मागच्या टेस्टमधली शाखा कॅशमध्ये आहे, डेटाबेसमधून ती गेली. नव्या टेस्टने कॅशमधून तिचा आयडी घेतला की फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रेकॉर्डकडे नेणारा दुवा) तुटते. गंमत म्हणजे जँगो पोस्टग्रेसवर फॉरेन की ‘डिफर्ड’ (तपासणी शेवटावर ढकललेली) ठेवतो, म्हणून एरर त्या ओळीला येत नाही; ‘टेस्टकेस’ टेस्टच्या शेवटी कन्स्ट्रेंट तपासतो तेव्हा येते. स्टॅक ट्रेस टिअरडाउनकडे (टेस्टनंतरच्या आवराआवरीकडे) बोट दाखवते आणि माणूस तिथे खणत बसतो. टेस्ट करताना ‘सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट’ असं एसक्यूएल सुरुवातीलाच चालवलं की एरर खऱ्या ओळीवर येते.

‘काहीतरी नेलंय’ हा प्रकार अधिक चकवतो. ‘ट्रान्झॅक्शनटेस्टकेस’ रोलबॅक करत नाही, शेवटी सगळी टेबलं रिकामी करतो. मायग्रेशनमधून (टेबलांची रचना बनवणाऱ्या कोडमधून) भरलेली माहितीही त्यात जाते: खात्यांचे प्रकार, व्याजदराचे स्लॅब, जिल्ह्यांची यादी. जँगो म्हणून आधी साध्या ‘टेस्टकेस’ चालवतो आणि हे नंतर, पायटेस्ट-जँगोही तसाच क्रम लावतो. त्यामुळे पहिल्या खेपेला सगळं ठीक. पण वेळ वाचवायला ‘कीप डीबी’ किंवा ‘रीयूज डीबी’ (टेस्टचा जुनाच डेटाबेस पुन्हा वापरणं) लावलं असेल, तर पुढच्या खेपेची सुरुवातच रिकाम्या टेबलांनी होते. मायग्रेशन आधीच झालेलं असल्याने ते पुन्हा भरत नाही. मग ज्याने काल संध्याकाळी सगळ्या टेस्ट चालवल्या त्याच्याकडे आज सकाळी फेल, ज्याने नव्याने क्लोन केलं त्याच्याकडे पास. टेस्ट मधेच कंट्रोल-सीने मारली तरी तेच: कमिट झालेली रेकॉर्डं तशीच राहतात आणि पुढच्या खेपेला ‘युनिक’ची एरर येते. ‘सीरियलाइज्ड रोलबॅक’ने माहिती परत भरता येते, पण ते हळू आहे. मला विचाराल तर टेस्टने मायग्रेशनमधल्या माहितीवर विसंबूच नये, लागेल तो खातेप्रकार फॅक्टरीतून बनवावा.

दोषी टेस्ट शोधायची पद्धत कंटाळवाणी आहे पण हमखास आहे. क्रम पक्का करा, फेल होणाऱ्या टेस्टच्या आधीच्या टेस्टचे दोन भाग करा, ज्या भागाबरोबर फेल होते तो धरा, पुन्हा दोन भाग. शेवटी दोन टेस्टची जोडी उरते आणि मग कारण सहसा समोरच दिसतं. जँगोमध्ये ‘रिव्हर्स’ने क्रम उलटा करता येतो, ४.० पासून ‘शफल’ आहे. पायटेस्टला त्यासाठी ‘पायटेस्ट-रँडमली’ आहे. शफलचा सीड (क्रम ठरवणारा आकडा) लॉगमध्ये छापला जातो, तो सांभाळून ठेवा. पॅरलल चालवत असाल तर शोध घेताना ते बंद करा, कारण प्रत्येक प्रोसेसला वेगळा डेटाबेस मिळतो आणि कुठली टेस्ट कोणाच्या वाट्याला आली हे दर खेपेला बदलू शकतं.

कधी कधी मागे काहीच राहिलेलं नसतं, नुसते नंबर पुढे गेलेले असतात. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (आयडीचे आकडे देणारा मोजक) रोलबॅकने मागे येत नाही. एकट्या टेस्टमध्ये पहिल्या सभासदाचा आयडी १ येतो, सगळ्यांबरोबर तो २१४ येतो. आयडी १ असं हातानं लिहिलेली टेस्ट तिथे पडते. फॅक्टरीचा क्रमांकही तसाच: एकट्यात ‘सभासद १’ आणि ‘सभासद २’, सगळ्यांत ‘सभासद ९’ आणि ‘सभासद १०’. नावाप्रमाणे लावल्यावर १० आधी येतो, कारण तुलना अक्षरांची आहे. आणि याचा उलटा प्रकार म्हणजे चुकून पास होणं. नव्या डेटाबेसमध्ये सभासदाचा आयडीही १ आणि खात्याचाही १, म्हणून खात्याच्या जागी सभासदाचा आयडी पाठवणारं चुकीचं कोडही चालून जातं. मी सीक्वेन्स मुद्दाम वेगवेगळ्या आकड्यांपासून सुरू करतो, सभासद १००० पासून, खाती ५००० पासून. असे घोटाळे मग लगेच उघडे पडतात.

क्रमाबद्दल अजून एक. ‘ऑर्डर बाय’ नसेल तर पोस्टग्रेस कुठलाही क्रम देऊ शकतो, आणि रेकॉर्ड अपडेट झालं की त्याची नवी आवृत्ती टेबलात दुसरीकडे लिहिली जाते. ‘फर्स्ट’ प्रायमरी कीने लावून देतो, चौकटी कंसात शून्य लिहून घेतलेलं मात्र काहीही असू शकतं. नावांच्या क्रमावर टेस्ट असेल तर कोलेशनही (अक्षरांच्या क्रमाचे नियम) बघा. ‘सी’ कोलेशनमध्ये क्रम युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लागतो, आणि तिथे ळ हा ल नंतर आणि व च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. लॅपटॉपवरचा पोस्टग्रेस आणि सीआयच्या (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरच्या) कंटेनरमधला पोस्टग्रेस यांचं कोलेशन एकच आहे असं गृहीत धरू नका.

फक्त टेस्टमध्येच येणारी आणखी एक एरर आहे, जी तुम्हाला आज ना उद्या भेटेलच: ‘अटॉमिक ब्लॉक संपेपर्यंत क्वेरी चालवता येणार नाही’ अशा अर्थाची. टेस्टने मुद्दाम एकाच क्रमांकाची दुसरी पावती बनवली, ‘इंटिग्रिटी एरर’ आली का ते तपासलं, आणि मग पावत्या मोजायला गेली. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत एक एरर आली की ते ट्रान्झॅक्शनच बाद होतं. हाताने करताना प्रत्येक क्वेरी स्वतंत्र कमिट होते म्हणून हे दिसत नाही. एरर येणाऱ्या ओळीभोवती आतला ‘अटॉमिक’ घातला की सेव्हपॉइंट बनतो आणि रोलबॅक तेवढ्यापुरता होतो. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये अशी एरर पकडून पुढे जाण्याचा प्रकार असेल तर तिथेही तो ब्लॉक हवा.

वेळेबद्दल थोडं, कारण भारतात बसून काम करणाऱ्यांना हे हटकून गाठतं. जँगोचं ‘टाइमझोन डॉट नाऊ’ यूटीसीत असतं. त्याला ‘डेट’ लावून तारीख काढली तर रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात कालची तारीख मिळते. दिवसा सगळं पास, रात्रीच्या सीआयवर फेल. पतसंस्थेत हे फक्त टेस्टचं दुखणं नाही: १ एप्रिलच्या पहाटे बनलेल्या पावतीला मागच्या आर्थिक वर्षाचा क्रमांक जाईल. ‘लोकल डेट’ वापरा आणि टेस्टमध्ये घड्याळ मुद्दाम त्या वेळेवर थांबवून तपासा. तुमच्या डेटाबेसमध्ये ट्रिगर किंवा कॉलमच्या डिफॉल्टमध्ये ‘नाऊ’ असेल तर तेही लक्षात ठेवा: पोस्टग्रेसचं ‘नाऊ’ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. अख्खी टेस्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्याने सगळ्या पावत्यांची वेळ तंतोतंत एकच येते आणि ‘सगळ्यात नवी पावती’ ठरतच नाही. खरी चालती वेळ हवी तर ‘क्लॉक टाइमस्टॅम्प’.

तुमच्या तीन टेस्टपैकी पहिली आधी घ्या, तिच्यात कॅप्चरचा ब्लॉक घालून बघा. माझा अंदाज बरोबर असेल तर ती लगेच सुटेल. दुसरीसाठी वर्कर बंद करून तीच टेस्ट एकदा चालवा: ‘डझ नॉट एक्झिस्ट’ गायब झालं तर काम बाहेरच्या वर्करकडे जात होतं, हे नक्की. तिसरीला ‘रीयूज डीबी’ काढून, डेटाबेस नव्याने बनवून, पॅरलल बंद ठेवून चालवा, आणि तरीही फेल झाली तरच निम्मे-निम्मे करायला बसा. फेल झालेल्या टेस्ट आपोआप पुन्हा चालवणारं प्लगइन लावलं असेल तर या सगळ्याच्या आधी ते काढा. नाहीतर कुठल्या बदलाने टेस्ट पास झाली आणि कुठली नुसती दुसऱ्या खेपेला पास झाली, हे कळायचं नाही.